समाजमाध्यमांच्या आधारे आंदोलन कसे चालवावे : स्थानिक कृती समित्यांसाठी मार्गदर्शन

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो-३ च्या कारशेडसाठी होणाऱ्या आरेतील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत झाडे पडू लागली. करवतींचा आवाज ऐकू येणारे काही सेकंदांचे व्हिडिओ एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गेले आणि काही तासांत शेकडो माणसे फाटकांपाशी जमली. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागू झाली, २९ जणांना अटक झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष पीठाने सोमवारी, ७ ऑक्टोबरला, पुढील तोडीस मनाई केली. परंतु तोपर्यंत २,१४१ झाडे तोडून झाली होती. समाजमाध्यमांनी मध्यरात्री माणसे घराबाहेर काढली आणि दसऱ्याच्या सुटीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सुनावणी घ्यावी लागेल एवढे वातावरण तयार केले, पण मधल्या दोन-अडीच दिवसांत त्यांना तोड थोपवून धरता आली नाही. या माध्यमांची ताकद आणि त्यांची मर्यादा या एकाच घटनाक्रमात दिसते. गावातली टेकडी, नदीपात्र, शाळा किंवा रस्त्याकडेची झाडे वाचवण्यासाठी एकत्र येणारे आणि पहिल्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुप उघडणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

गर्दी आधी, संघटना नंतर : बदललेला क्रम

पूर्वी मोर्चा निघण्याआधी महिनोन्‌महिने बैठका, पत्रके, गावभेटी आणि वर्गणी असे. त्या कष्टांतून माणसांची पारख होई, कोण शब्द पाळतो आणि कोण ऐनवेळी मागे सरतो हे कळे, मतभेद मिटवण्याची सवय लागे. आता हजारो माणसे दोन दिवसांत जमू शकतात आणि म्हणून ती मधली तयारी गाळली जाते. इजिप्तमध्ये २५ जानेवारी २०११ रोजी सुरू झालेल्या उठावाला फेसबुकवरील एका पानाने मोठी चालना दिली. सरकारने इंटरनेट बंद पाडले तरी लोक तहरीर चौकातून हटले नाहीत आणि ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक यांना पद सोडावे लागले. मात्र पुढच्या निवडणुकीत आधीपासून बांधलेली संघटना जिंकली, २०१३ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली आणि चौक भरवणारे तरुण दोन्ही वेळा बाजूला पडले.

अगदी अलीकडचे उदाहरण नेपाळचे आहे. ४ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. भ्रष्टाचाराविरुद्धचा राग आधीच साचलेला होता. ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले, त्या एका दिवशी १९ जणांचा बळी गेला आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी संसद भवन, सिंहदरबार हे सरकारी कचेऱ्यांचे मुख्य संकुल आणि सर्वोच्च न्यायालयाची इमारतही जळाली. ‘आता थांबा’ असे सांगण्याचा आणि ते ऐकले जाण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. हंगामी सरकारच्या प्रमुखाच्या नावाची चर्चा डिस्कॉर्ड या गटचर्चेच्या ॲपवर झाली आणि १२ तारखेला सुशीला कार्की यांनी शपथ घेतली. या वेगाचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. पण नेता नसलेल्या आंदोलनात हिंसेची पहिली ठिणगी विझवणारेही कोणी नसते, हे आंदोलन उभारणाऱ्या प्रत्येकाने आधी लक्षात घ्यावे.

याच्या उलट मार्च २०१८ मधील नाशिक ते मुंबई हा शेतकऱ्यांचा लाँग मार्च पाहावा. किसान सभेने वर्षानुवर्षे वनहक्काच्या प्रश्नावर आदिवासी पाड्यांमध्ये काम केले होते आणि ६ मार्चला नाशिकहून निघालेल्या हजारो माणसांची शिस्त त्या कामातून आलेली होती. मुंबईत दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय होऊ नये म्हणून मोर्चेकऱ्यांनी दिवसभराच्या चालीनंतर विश्रांती न घेता सोमय्या मैदानावरून रातोरात आझाद मैदान गाठले. तो निर्णय संघटनेचा होता आणि संघटना होती म्हणूनच तो अमलात आला. फोड आलेल्या, रक्ताळलेल्या पावलांची छायाचित्रे आणि या निर्णयाची बातमी समाजमाध्यमांनी घरोघर पोहोचवली, तेव्हा मुंबईकर पाणी, खाणे आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. माध्यमाने सहानुभूती मिळवून दिली. ती मिळावी असे वर्तन मात्र संघटनेने घडवले होते. पुढील सर्व सूचना याच समजुतीवर आधारलेल्या आहेत.

ग्रुप उघडण्यापूर्वी

सात ते अकरा जणांची समिती समोरासमोर बसून ठरवावी. त्यात ज्यांच्या जमिनीवर, घरावर किंवा रोजगारावर प्रश्नाचा थेट परिणाम होतो त्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक असावे, स्त्रिया नावापुरत्या नसाव्यात आणि किमान एक जण असा असावा की ज्याला सरकारी कागद वाचता येतो. समितीने पहिल्या बैठकीत चार गोष्टी लिहून काढाव्यात : आपली मागणी नेमकी काय आहे, ती मान्य करण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्याला किंवा प्राधिकरणाला आहे, समितीच्या वतीने कोण बोलेल, आणि कार्यक्रम रद्द करण्याचा निर्णय कोण घेईल. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात. माणसे बोलावणारा संदेश कोणीही लिहू शकतो, पण परत फिरवणारा संदेश ज्याचा मानला जाईल असा माणूस आधी ठरलेला असावा लागतो.

आचारसंहिताही आधीच ठरवावी. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, निघालेल्या मराठा क्रांती मोर्चापासून पुढील वर्षी त्याच तारखेला मुंबईत निघालेल्या मोर्चापर्यंत ५८ मूक मोर्चे निघाले. त्यांचा प्रचार मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सॲपवरून झाला, मात्र त्या संदेशांत केवळ तारीख आणि ठिकाण नसे. घोषणा द्यायच्या नाहीत, मुली पुढे राहतील, पुढारी मागे चालतील, निवेदन मुलींच्या हस्ते दिले जाईल, जाताना कचरा उचलायचा, हे सारे लोक घरून निघण्यापूर्वीच वाचून आलेले असत. लाखोंचा समुदाय शांत राहतो तेव्हा त्यामागे अशी पुन्हापुन्हा सांगितलेली, सर्वांना पाठ झालेली नियमावली असते. मागण्यांविषयी कोणाचे मत काहीही असो, आंदोलनाची बांधणी शिकण्यासाठी या मोर्चांचा अभ्यास प्रत्येक कृती समितीने करावा असे मला वाटते.

ग्रुपची रचना

एकच मोठा ग्रुप करून त्यात सर्वांना बोलू देणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. पहिल्या आठवड्यात त्यात शुभेच्छा, राजकीय चिमटे आणि देवादिकांची चित्रे येऊ लागतात, कामाचा संदेश वर सरकून दिसेनासा होतो आणि कंटाळलेली माणसे ग्रुप म्यूट करतात. त्याऐवजी केवळ ॲडमिनना लिहिता येईल असा एक सूचना-ग्रुप ठेवावा, आणि चर्चेसाठी वाडी, वॉर्ड किंवा सोसायटीनिहाय छोटे ग्रुप करावेत, ज्यातील माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. प्रत्येक ग्रुपला किमान दोन ॲडमिन असावेत, कारण एकाचा फोन हरवला, जप्त झाला किंवा बंद पडला तर ग्रुप पोरका होतो. सामील होण्याची लिंक फेसबुकवर उघडी टाकू नये. ती टाकली की ग्रुपमधील सर्व क्रमांक कोणाच्याही हाती जातात, आणि त्यात नव्याने बोलू लागलेल्या मुलींचे क्रमांकही असतात.

सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन जबाबदार ठरतो का, ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यामुळे चांगली माणसे ॲडमिन होण्याचे टाळतात. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर केवळ ॲडमिन असल्यामुळे दुसऱ्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर येत नाही. तरीही असा मजकूर दिसताच तो हटवावा, टाकणाऱ्याला समज द्यावी आणि ही समज ग्रुपमध्येच लिहून द्यावी, म्हणजे समितीची भूमिका नोंदीवर राहते.

ग्रुपमध्ये लिहिलेले प्रत्येक वाक्य कधीतरी पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात वाचले जाईल असे धरूनच लिहावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाशी संबंधित ‘टूलकिट’च्या, म्हणजे आंदोलनाला पाठिंबा कसा द्यावा हे सांगणाऱ्या दस्तऐवजाच्या, प्रकरणात बेंगळुरूच्या दिशा रवी यांना अटक झाली. दहा दिवसांनी दिल्लीच्या सत्र न्यायालयाने जामीन देताना व्हॉट्सॲप ग्रुप तयार करणे किंवा निरुपद्रवी टूलकिटचे संपादन करणे हा गुन्हा नाही असे म्हटले. निर्णय दिलासा देणारा होता, पण तोपर्यंत एका तरुणीने कोठडी भोगली होती. म्हणून कार्यक्रमाच्या दस्तऐवजात ‘धडा शिकवू’, ‘शहर पेटवू’ अशी भाषा आवेशातही येता कामा नये. शांततापूर्ण आंदोलनाला आपली योजना लपवण्याची गरज नसते. जपायची असते ती लोकांची वैयक्तिक माहिती.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. आदिवासी पाड्यावर किंवा झोपडपट्टीत घरात एकच फोन असतो, तो मुलाकडे असतो आणि तो कामावर गेला की घरातील बाईला काहीच कळत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक वीस घरांमागे एक निरोप्या नेमावा, लेखी सूचनेसोबत ती वाचून दाखवणारा आवाजी संदेश पाठवावा आणि महत्त्वाचा निर्णय ग्रुपवरील अंगठ्याच्या चिन्हांवरून कधीही गृहीत धरू नये. ग्रामसभेत हात वर करून झालेला ठराव आणि त्याची इतिवृत्तातील नोंद यांना कायद्याने वजन आहे; ग्रुपवरील मतदानाला ते नाही.

संदेश लिहिताना

संदेशात काय घडले, मागणी काय आहे, वाचणाऱ्याने नेमके काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत करायचे आणि हा संदेश कोणी काढला, एवढे असावे. उदाहरणार्थ : ‘रस्ता रुंदीकरणासाठी ४० झाडे तोडण्याची जाहीर सूचना काल वर्तमानपत्रात आली आहे. हरकत घेण्याची शेवटची तारीख सूचनेत दिली आहे. आपली हरकत स्वतःच्या शब्दांत लिहून वृक्ष अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यावी आणि पोचपावती घ्यावी. मसुद्यासाठी आज सायंकाळी सहा वाजता वाचनालयात या. – कृती समिती.’ असा संदेश कदाचित कमी लोक पुढे पाठवतील, परंतु जे वाचतील त्यांच्याकडून काम होईल. ‘जागे व्हा, नाहीतर उशीर होईल’ एवढेच सांगणारा संदेश हजारदा फिरतो आणि त्यातून एकही अर्ज दाखल होत नाही.

तारखा आणि मुदती यांबाबत विशेष काटेकोर राहावे. आरेच्या वेळी वृक्ष प्राधिकरणाचा आदेश संकेतस्थळावर टाकल्यानंतर पंधरा दिवस तोड करता येत नाही, असे आंदोलकांच्या बाजूने मोठ्या प्रमाणावर फिरत होते. मेट्रो रेल कॉर्पोरेशनच्या प्रमुखांनी ट्विटरवरच त्याला उत्तर दिले की आदेश १३ सप्टेंबरला निघाला आणि पंधरा दिवस २८ सप्टेंबरलाच संपले. कोणाचे बरोबर हा वाद इथे सोडवायचा नाही, परंतु मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची याचा वाद झाडे पडत असताना समाजमाध्यमावर व्हावा, ही स्थिती कोणत्याही समितीवर येऊ नये. आदेशाची प्रमाणित प्रत मिळवणे, त्यावरील तारीख पाहणे आणि कायद्यातील कलम वकिलाकडून समजून घेणे हे पोस्ट टाकण्याआधीचे काम आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो, पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात. त्यामुळे तो प्रश्न पेटण्याआधी करावा.

एकाच मसुद्याच्या हजारो ईमेल पाठवण्याच्या मोहिमांबद्दल माझे मत सावध आहे. संख्या दाखवण्यासाठी त्या उपयोगी पडतात, परंतु शब्दशः सारख्या हरकती अधिकाऱ्याला एकाच उत्तरात निकाली काढता येतात. जिच्यात गट क्रमांक आहे, झाडांची मोजणी आहे, आपल्या विहिरीचे उन्हाळ्यातील पाणी कुठपर्यंत जाते हे लिहिले आहे, अशी हरकत पुढे न्यायालयातही पुरावा म्हणून उभी राहते. समाजमाध्यमाचा उपयोग हजार जणांकडून एकच पत्र पाठवून घेण्याऐवजी शंभर जणांना स्वतःचे पत्र लिहायला शिकवण्यासाठी करावा.

राग आणि प्रसार

समाजमाध्यमे कोणता मजकूर किती जणांपुढे ठेवायचा हे प्रतिसादावरून ठरवतात आणि संतापाला प्रतिसाद पटकन मिळतो. त्यामुळे घडते असे की समितीने टाकलेल्या दहा पोस्टपैकी आकडेवारी समजावणारी पोस्ट शंभर जण पाहतात आणि अधिकाऱ्याला शिव्या देणारी दहा हजार जण पाहतात. समिती हळूहळू दुसऱ्या प्रकारच्या पोस्ट अधिक टाकू लागते. कोणी तसे ठरवलेले नसते, पण महिन्याभरात आंदोलनाची भाषा बदललेली असते, मध्यममार्गी माणसे गळालेली असतात आणि ज्या अधिकाऱ्याशी उद्या वाटाघाटी करायच्या त्याच्याशी बोलण्याची वाट बंद झालेली असते. समाजमाध्यमे आंदोलनाला घडवतात ती मुख्यतः या मार्गाने, आणि त्याची जाणीव ठेवणे हे पान चालवणाऱ्यांचे सर्वांत कठीण काम आहे. आठवड्यातून एकदा समितीने आपल्याच पानावरील मजकूर मोठ्याने वाचावा आणि त्यात मागणी किती वेळा आली व व्यक्तींची नावे किती वेळा आली हे मोजावे.

या बाबतीत गोव्यातील ‘आमचे मोले’ या मोहिमेकडून बरेच शिकता येते. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या परिसरातून जाणारे रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी असे तीन प्रकल्प २०२० च्या टाळेबंदीत मंजुरीच्या टप्प्यात होते. त्यांच्यावरील बैठका व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे होत होत्या आणि लोकांना घराबाहेर पडता येत नव्हते. विद्यार्थी, संशोधक, वकील आणि चित्रकार एकत्र आले. त्यांनी समाजमाध्यमांवर या जंगलातील प्राणी-पक्ष्यांची, झाडांची आणि नद्यांच्या उगमांची चित्रे मांडली, प्रकल्प अहवालांतील त्रुटी सोप्या भाषेत उलगडल्या आणि प्रत्येक वेळी कोणाला काय लिहायचे ते सांगितले. लोकांना आधी जंगल आवडू लागले आणि मग ते त्यासाठी उभे राहिले. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे रेल्वेमार्गापाशी हजारो गोवेकर जमले, तेव्हा ते काय मागत आहेत हे त्यांना ठाऊक होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीपुढे गेले, समितीने २०२१ मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध मत दिले आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. चित्र, रस्ता आणि न्यायालय यांचा धागा तुटू दिला नाही म्हणून हे साधले.

अफवा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर असे संदेश व्हॉट्सॲपवरून फिरत होते आणि त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. तापलेल्या वातावरणात एक खोटा संदेश काय करू शकतो याचा याहून भीषण पुरावा महाराष्ट्रात नाही. आंदोलनाच्या काळात ‘लाठीमारात एक जण गेला’ असा संदेश अर्ध्या तासात जमाव बिथरवतो. मृत्यू, इजा, अटक आणि विटंबना या चार प्रकारच्या बातम्या प्रत्यक्ष जागेवरील दोन ओळखीच्या माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय समितीच्या ग्रुपवर येणार नाहीत, असा नियम करावा. दोन बाणांचे चिन्ह असलेला, म्हणजे अनेकदा पुढे पाठवलेला मजकूर सूचना-ग्रुपवर पूर्ण वर्ज्य असावा. चुकीचे काही गेलेच तर ते गुपचूप पुसू नये. दुरुस्तीचा संदेश त्याच ठळकपणे, त्याच ग्रुपवर आणि समितीच्या नावाने द्यावा.

छायाचित्रे, व्हिडिओ आणि पुरावा

चित्रण दोन कारणांसाठी केले जाते, लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी आणि पुरावा ठेवण्यासाठी, आणि दोन्हींची रीत वेगळी आहे. पुराव्याचा व्हिडिओ न कापता, गाणे किंवा मजकूर न चढवता मूळ फोनमध्ये जपावा. नेहमीप्रमाणे व्हॉट्सॲपवरून पाठवल्यास फाइल दाबली जाते आणि तिच्यातील वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये नंतर बदल झाला का हे दाखवणारा तिचा ओळख-संकेत, नोंदवायचे असते. ते काम वकिलाच्या मदतीने घटनेच्या आठवड्यातच करून घ्यावे.

प्रसिद्धीसाठीच्या चित्रणात चेहऱ्यांचा विचार आधी करावा. कंत्राटी कामगार, सरकारी नोकर, परप्रांतीय मजूर आणि शाळकरी मुले यांचे चेहरे परवानगीशिवाय दाखवू नयेत. सिग्नल ॲपमध्ये चेहरा धूसर करण्याची सोय आहे. लाइव्ह प्रक्षेपण केवळ समितीने नेमलेल्या एकाच व्यक्तीने करावे, कारण लाइव्हमध्ये काहीही मागे घेता येत नाही आणि गर्दीतल्या एका बेताल घोषणेची वीस सेकंदे पुढे महिनाभर विरोधकांकडून फिरवली जातात.

खाती बंद झाली, इंटरनेट बंद झाले तर

दिल्लीच्या सीमांवरील शेतकरी आंदोलनात २० डिसेंबर २०२० रोजी फेसबुकने ‘किसान एकता मोर्चा’चे पान काही काळ काढून टाकले आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी ट्विटरने सरकारच्या सूचनेवरून त्यांच्या खात्यासह सुमारे अडीचशे खाती व ट्वीट भारतात रोखली. २६ जानेवारीनंतर आंदोलनस्थळांवर इंटरनेटही बंद होते. तरीही आंदोलन टिकले, कारण त्यांच्याकडे डिसेंबरपासूनच ‘ट्रॉली टाइम्स’ हे छापील पत्र होते, गावोगावच्या गुरुद्वारांचे ध्वनिक्षेपक होते आणि कोणत्या गावातून कोणत्या आठवड्यात किती माणसे येतील याच्या याद्या होत्या. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्यांच्याविरुद्ध हे आंदोलन होते ते तिन्ही कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली.

आपल्या समितीनेही पहिल्या दिवसापासून हे गृहीत धरावे. निरोप्यांचे क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत, एकाने पाच जणांना फोन करायचा अशी साखळी ठरलेली असावी आणि पत्रके छापून देणारा छापखाना ठाऊक असावा. सर्वांत उपयोगी उपाय असा की रोज ठरावीक वेळी ठरावीक जागी छोटी सभा भरवावी. निरोप न मिळालेला माणूसही मग तेथे येतोच. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक असल्याचे आणि बंदी अनिश्चित काळासाठी ठेवता येत नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सांगितले आहे. तेव्हा आदेशाची प्रत लेखी मागावी.

कायदा, पैसा आणि सुरक्षितता

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमधील दोन तरुणींना फेसबुकवरील एका पोस्टवरून अटक झाली. त्या अटकेनंतर दाखल झालेल्या याचिकेतून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. आज त्या कलमाखाली गुन्हा नोंदवता येत नाही, मात्र भारतीय न्याय संहितेची कलमे १९६ आणि ३५३, म्हणजे गटांमध्ये वैर पसरवणे आणि लोकांना चिथावणारी विधाने करणे, ही समाजमाध्यमांवरील मजकुराला लावली जातात. जात आणि धर्म यांच्या उल्लेखात म्हणूनच कमालीची काळजी घ्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस देतात ती, नोटीस आली तर घाबरू नये. ती स्वीकारावी, वकिलाला दाखवावी, लेखी उत्तर द्यावे. अटक झाल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलाचा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याने फोनखेरीज कागदावरही जवळ ठेवावा.

वर्गणीचा क्यूआर कोड कोणाच्या वैयक्तिक खात्याचा नसावा. समितीच्या नावे खाते काढावे आणि जमाखर्च दर पंधरवड्याला ग्रुपवर टाकावा. परदेशातील मराठी माणसे अशा वेळी मनापासून मदत करू पाहतात, पण येथे कायदा समजून घ्यावा. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नागरिकाने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, मग त्याच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचे) कार्ड का असेना, मानली जाते आणि सरकारकडील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही. त्यांना पैशाऐवजी अनुवाद, अभ्यास आणि प्रसिद्धीचे काम सांगावे.

पान चालवणाऱ्या आणि पुढे येऊन बोलणाऱ्या स्त्रियांना गलिच्छ मजकूर येतो. तो वाचणे, जपणे आणि त्याची तक्रार करणे हे काम त्यांच्याऐवजी दुसऱ्याने करावे. सर्व खात्यांना द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरा संकेतांक मागण्याची सोय, लावावी. धमकी आल्यास स्क्रीनशॉटसह सायबर पोलिसांकडे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी.

आश्वासन मिळाल्यानंतर

चर्चेच्या खोलीतून बातम्या पाठवू नयेत. बाहेर आल्यावरही ‘जिंकलो’ असा संदेश टाकण्याआधी लेखी पत्र, सही आणि जावक क्रमांक पाहावा. लाँग मार्चला १२ मार्च २०१८ रोजी सरकारने लेखी आश्वासने दिली आणि देशभर त्या विजयाच्या पोस्ट फिरल्या. परंतु मागण्या प्रलंबित राहिल्याने शेतकऱ्यांना फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावे लागले आणि मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा निघून ठाणे जिल्ह्यातील वासिंदपर्यंत चालावे लागले. या मधल्या काळात समाजमाध्यमांवर फारशी कोणी त्यांची आठवण काढली नाही.

म्हणून प्रत्येक आश्वासनापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद, मुदतीची तारीख आणि पाठपुरावा करणाऱ्या समिती सदस्याचे नाव लिहून तो तक्ता सूचना-ग्रुपवर पिन करून ठेवावा. मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी स्मरणपत्र द्यावे, संपल्यावर माहिती अधिकारात कार्यवाहीची प्रत मागावी आणि मिळालेले उत्तर, ते कितीही रुक्ष असले तरी, ग्रुपवर जसेच्या तसे टाकावे. हे काम साधारण दोन वर्षांचे धरावे आणि तेवढा काळ ग्रुप, पान आणि त्यांचे पासवर्ड समितीच्याच ताब्यात राहतील, कोणत्याही उमेदवाराच्या प्रचाराला दिले जाणार नाहीत, असा ठराव पहिल्याच बैठकीत करून इतिवृत्तात नोंदवावा.